चकची चावी

उद्यमनगरात दस्तगीर शिकलगारांच्या लेथच्या
बरोबर वर माझी खोली.
खाली बिडाचा कीस पडतो, वर मी
हुपरीच्या चांदीच्या भट्टीसाठी
तळहाताएवढं बोर्ड बोलतं करत बसते.

नऊशे एकसष्ट अंशांवर चांदीचं पाणी होतं.
नेमगोंडा शेटना एवढंच हवंय,
भट्टीनं तिथवर जावं आणि तिथंच राहावं.
पण दर पासष्ट सेकंदांनी रिले कट्कन सुटतो,
मुशीतला रस साय धरतो,
आणि माझा फोन वाजतो.

आत डोकवायचं तर प्रोब पाहिजे.
पहिला पुण्याहून आणला, अकरा हजारांचा,
वीस पिनांचा रुंद जबडा.
माझ्या बोर्डावर दहाच, त्याही दाटीवाटीनं.
अडॅप्टर मागवला. बसला.
मग कळलं, हा आपल्याच कंपनीच्या चिपशी बोलतो,
सोयरीक जुळवताना आधी कूळ विचारणाऱ्या
आत्याबाईसारखा.

दुसरा साडेतीनशेचा, निळ्या प्लॅस्टिकचा, नकली.
चार दिवस गुणी निघाला.
पाचव्या दिवशी सॉफ्टवेअरनं विचारलं, अपडेट करू?
मी म्हटलं, कर.
त्यानंतर त्याचा दिवा लागलेला नाही.

आणि सॉफ्टवेअर तरी कुठलं धरावं?
एकाची फुकट आवृत्ती बत्तीस केबीपर्यंतच गोड,
माझा प्रोग्रॅम अडतीसचा.
दुसरं माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर उघडेपर्यंत
खाली अख्खा फ्लँज तासून होतो.

दस्तगीरचाचा चहा घेऊन वर आले,
पसारा बघत उभे राहिले.
"ताई, चावी त्याच चकची हाय का बघा आधी.
दुसऱ्या चकची चावी बसती.
फिरत न्हाई."

त्यांच्याच भिंगाखाली चिप धरली.
टंचाईच्या वर्षी पुरवठादारानं
"तीच हो, सेम टू सेम" म्हणून गळ्यात मारलेली.
पाय तेवढेच, रंग तोच,
अंगठ्याचा ठसा वेगळा.
सहा महिने मी हिला
दुसरीच्या नावानं हाका मारत होते.

म्हणजे आधी चिप, मग बाकीचं. हे मला
चहाच्या कपाबरोबर कळलं, बत्तिसाव्या वर्षी.

तिसरा प्रोब कुठल्याच घराण्याचा नव्हता.
चार तारा, वीतभरच.
घड्याळ, डेटा, ग्राउंड,
आणि चौथी, जी वीज द्यायला नसते,
बोर्ड कुठल्या पट्टीत बोलतंय
ते ऐकायला असते.
साधा एडिटर, फुकटचा कंपायलर,
काळ्या खिडकीत हातानं टाइप करायचा डीबगर.
भट्टीच्या जागी साठचा बल्ब.

रात्री साडेअकराला चिपनं पहिल्यांदा
स्वतःचं खरं नाव सांगितलं.

मिलिसेकंद मोजणाऱ्या आकड्यावर पाळत ठेवली,
ब्रेकपॉइंट लावला, एकेक पाऊल.
पासष्ट हजार पाचशे चौतीस.
पस्तीस.
शून्य.
बल्ब विझला.

शटर ओढायचं सोडून चाचा मागं येऊन उभे होते.
"खटक्यावर बोट," ते म्हणाले, "जाग्यावर पलटी!"
हसता हसता मी सोळा खोडून
बत्तीस बिट केलं. एवढंच होतं.
बल्ब पासष्टाव्या सेकंदाला जळत राहिला,
सत्तराव्यालाही. आम्ही दोघं
उगीचच पाच मिनिटं त्याच्याकडं बघत बसलो.

बिल बघून नेमगोंडा शेट म्हणाले,
"भट्टी झ्याक. पण ही अकरा हजारांची डबी कशाला?"
काय सांगणार. ती ओळ मी खोडली.

खाली भिंतीवर चाचांच्या चाव्या टांगलेल्या असतात,
प्रत्येकीवर लाल ऑइलपेंटनं चकचा नंबर.
ब्रश मागून घेतला, तिसऱ्या प्रोबवर
चिपचं नाव घातलं, सॉफ्टवेअरची आवृत्ती,
आणि बारीक अक्षरात: अपडेट करू नये.

पुण्याचा तो महागडा हातात घेऊन
चाचांनी उलटसुलट केला,
रिकाम्या खिळ्याला अडकवला.
"ऱ्हाऊ दे. कुठल्या तरी चकची असंल."